मामाचे बूट

माझ्या पायाचा नंबर नऊ आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आजवर कोणी विचारलं तर मी ‘सात’ म्हणत आले. फारच जवळचं माणूस असलं तर ‘साडेसात’. लग्नाआधी नवऱ्याला मी मनातल्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या, अगदी न सांगण्यासारख्याही, पण हा आकडा नाही सांगितला. हनिमूनला हॉटेलच्या खोलीत त्यानं अंधारात चुकून माझ्या चपला घातल्या आणि त्या त्याला सैल झाल्या, तेव्हा त्याला तो कळला. तो भला माणूस आहे. त्यानं चपला गुपचूप जागच्या जागी ठेवल्या आणि पुढे वर्षभर विषय काढला नाही. पण त्याचं ते गप्प राहणंसुद्धा मला लागलं होतं, कारण मी मुळात अपराधी वाटून घेणारी बाई आहे. लिफ्टमध्ये शेवटी शिरले तरी मला वाटतं, आपल्यामुळे इतरांना उशीर झाला.

पाय वाढायला लागले ते सातवी-आठवीत. बाकी मी त्यांच्यामागून सावकाश वाढत गेले. बाबांची बहीण, आमची आत्या, दिल्लीतच करोल बागेत राहायची. दिवाळीला आमच्याकडे आली की माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी खाली बघायची आणि आईला म्हणायची, “अगं, आत्ताच एवढे?” जणू मी पाय आईच्या परवानगीनंच वाढवले होते. बाजारात बायकांच्या चपला सातच्या पुढे मिळायच्या नाहीत. दुकानातला मुलगा आत जायचा, बराच वेळ खोकी खाली पाडल्याचे आवाज यायचे, आणि मग तोच सात नंबर घेऊन तो बाहेर यायचा. “मॅडम, लेदर है, फैल जाएगा.” ते कधीच फैललं नाही. मीच आकसायला शिकले. दोन्ही पायांची करंगळी शेजारच्या बोटाखाली घालायची, टाच अर्धी बाहेर ठेवायची आणि हसतमुख चालायचं. आई म्हणायची, “बघ, बसला की नाही?” आणि मी म्हणायची, “बसला.”

मी कॉलेजात असताना आम्ही दिल्लीत विमानतळाजवळच्या द्वारकेत नुकतेच राहायला आलो होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला होते. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून बांधलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. मेट्रोही अलीकडेच आमच्यापर्यंत पोचली होती. त्या घराचा मुख्य आवाज म्हणजे विमानं. ती इतकी खालून जायची की कपाटातल्या वाट्या वाजायच्या. आम्हाला सगळ्यांना एक सवय लागली होती: विमान आलं की वाक्य मध्येच थांबवायचं, आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचं. पाहुणे दचकायचे. आई मात्र “मी म्हटलं होतं तुम्हाला की” एवढं बोलून थांबायची, विमान जाऊ द्यायची आणि “दूध संपलंय” असं पूर्ण करायची. दुसरी सवय चपलांची. चपला बाहेर, दाराशेजारच्या लाकडी मांडणीवर. त्यांवरूनच घरात कोण आहे, कोण गेलंय, कोण आलंय हे कळायचं. खालच्या मजल्यावरच्या भाटिया आंटी तर बेल वाजवायच्या आधी आमच्या मांडणीकडे बघून ठरवायच्या की आत यायचं की नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला पक्षी बघायचा नाद लागला. थंडीत नजफगढच्या झिलीवर, म्हणजे तलावावर, दूरदूरची बदकं आणि हंस उतरायचे, आणि आमच्या कॉलेजचा सात-आठ जणांचा घोळका दर रविवारी पहाटे तिकडे जायचा. मला तिथे विलक्षण बरं वाटायचं. कोणी बोलायचं नाही, बोललं तर उलट लोक रागवायचे. माझ्यासारखीला आणखी काय हवं? फक्त चालणं जमेना. सात नंबरच्या कॅनव्हासच्या बुटात चिखल शिरायचा आणि करंगळी सोलायची. आईला ‘पट्टकादंब’ हंस दिसले म्हणून सांगायला मी पुस्तकातून मराठी नावं शोधून यायची, आणि ती म्हणायची, “ते राहू दे, तू लंगडतेस का?”

बाबांनी ते ऐकलं असावं. बाबा फार कमी बोलत. एका शनिवारी त्यांनी नुसतं “चल” म्हटलं आणि मला मेट्रोनं करोल बागेत नेलं. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या मागे एका गल्लीत फौजेचा जुना माल विकणारं दुकान होतं. छताला तंबू आणि पिशव्या टांगलेल्या, खाली बुटांचे ढीग, आणि सगळ्याला कातडं, रॉकेल आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास. आम्ही गेलो संध्याकाळी, आणि तेही बरोबरच झालं, कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि बूट तेव्हाच मापून घ्यावेत, हे मला तिथेच कळलं.

“किसके लिए चाहिए?” दुकानदारानं बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाई के लिए,” मी म्हणाले. मला भाऊ नाही.

“तो भाई को लाओ ना बेटा. बिना नाप के बूट थोड़ी लेते हैं.”

“भाई बाहर गया है. उसका पैर बिल्कुल मेरे जितना है.”

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबा छताला टांगलेला तंबू निरखत होते. “अच्छा,” तो म्हणाला, “फिर तुम ही पहन के देख लो. करना क्या है भाई को बूट का?”

“चिड़िया देखता है.”

“और?”

“बस.”

“शादी हो गई उसकी?”

“नहीं.”

“होगी भी नहीं,” तो म्हणाला आणि ढिगात हात घालायला वाकला.

पहिला जोड निघाला परेडचा: काळाभोर, आरशासारखा, तळाला लोखंडी नाल. मी दोन पावलं टाकली आणि शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. हे घालून पाणथळीवर गेले असते तर पक्षी थेट परदेशी परतले असते. दुसऱ्याच्या नाकात पोलादाची वाटी होती. पायावर इंजिन पडलं तरी चालेल असा, फक्त तो घालून चालायचं नाही. तिसरा कोराच होता, आणि मला वाटलं कोरा म्हणजे चांगला. पण दुकानदारानं तो हातात घेऊन मधोमध वाकवला तर सोलाचा बिस्किटासारखा तुकडा पडला. वर्षानुवर्षं गोदामात पडून रबर कडक झालं होतं. त्यानं तो खिन्नपणे बाजूला ठेवला, “ये किसी और को देंगे.” चौथा कोणीतरी वापरलेला होता. खाली कातडं, वर घोट्यापर्यंत हिरवं जाड कापड, सोल शिवलेला, कडा झिजून मऊ झालेल्या. त्यानं जाड लोकरी मोजे दिले, ते घालून मी पाय आत सरकवला आणि उभी राहिले.

काय झालं ते सांगणं अवघड आहे. माझी बोटं एकमेकींपासून सुटी झाली. दहाच्या दहा, प्रत्येकीला आपली आपली जागा. बाबा खाली उकिडवे बसले आणि भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघतात तसं त्यांनी अंगठ्यानं बुटाचं टोक दाबलं, पुढे जागा आहे ना ते बघितलं, मग टाचेला हात लावून म्हणाले, “चाल.” मी दुकानात चाललो. चाल“ले” म्हणायला हवं, पण खरंच मी त्या वेळी ‘भाई’च्या ऐटीत चालत होते. टाच उचलत नव्हती, काही टोचत नव्हतं. किंमत ऐकून बाबांनी घासाघीसही केली नाही. माझ्या कॉलेजच्या सँडलहून ते बूट स्वस्त होते. मेट्रोत ते एकच वाक्य बोलले, “आईला मी सांगतो.” घरी आल्यावर त्यांनी आईला “बूट आहेत” एवढं सांगितलं आणि ते फिरायला निघून गेले.

“कोणाचे?” आईनं मला विचारलं.

“माझे.”

“पुरुषांचे आहेत हे.”

“फौजेचे आहेत.”

“म्हणजे आणखीच पुरुषांचे!”

बूट पायात रुळावेत म्हणून मी ते संध्याकाळी घरातच घालून हॉल ते बाल्कनी फेऱ्या मारायची. भाटिया आंटी वर येऊन विचारून गेल्या, आपके यहाँ परेड चल रही है क्या? कातडं मऊ व्हावं म्हणून तेल लावायचं असतं एवढं ऐकलं होतं, तेव्हा आम्ही घरातलं खोबरेल तेल भरपूर चोपडलं. दिल्लीतला जानेवारी! सकाळी बघतो तर तेल गोठून बूट पांढरेशुभ्र, जणू कोणी त्यांना वनस्पती तूप फासलंय. ते उन्हात वितळवले, पण पुढे कायम त्यांना शॅम्पूच्या आदल्या रात्रीच्या डोक्याचा वास येत राहिला.

हे सगळं आईनं सहन केलं ते एका अटीवर. ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, वैजूचं, तेव्हा लग्नाचं बघत होते. “वैजूचं ठरेपर्यंत हे दारात दिसता कामा नयेत,” आई म्हणाली. “मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे ठेवायचे. येणाऱ्या माणसाला वाटायला नको की या घरातल्या मुली असले घालतात. एकदा जरी बाहेर दिसले, तर त्याच दिवशी कबाडीवाल्याला देईन. मग बोलू नकोस.” मी बोलणारच नव्हते. मी कबूल केलं आणि बूट हातात धरून, मोज्यांवर, घरातून ये-जा करू लागले. आई एकदा म्हणाली की देते, हे मला माहीत होतं. माझी हार्मोनियम अशीच गेली होती.

आणि मग कौस्तुभ पेंडसे. नोएडात कॉम्प्युटर कंपनीत होता. ताईला तो फोटोतच आवडला होता; ती तसं म्हणाली नव्हती, पण फोटो पाकिटातून काढून उशीखाली ठेवला होता. रविवारी चारला ते येणार असं ठरलं. कांदेपोहे केले तर फारच ठरवून केल्यासारखं वाटेल म्हणून आईनं मटारच्या करंज्या आणि गाजर हलवा केला होता. मी झिलीवरून अडीचला परतले, घोट्यापर्यंत चिखल. आईनं तेवढ्यातच लादी पुसली होती. “आत आणू नकोस ते!” ती किंचाळली. “बाहेर काढ! बाहेर!” मी बाहेर काढले, मांडणीशेजारी, वाळायला, आणि अंघोळीला गेले. रविवारी नोएडाहून द्वारकेपर्यंत अजिबात ट्रॅफिक नसतो, हे पेंडशांनी आम्हाला नंतर पुष्कळदा सांगितलं. ते तासभर आधी आले.

मी ओल्या केसांनी, बाबांचा जुना स्वेटर घालून बेडरूममध्ये होते. आईनं दार अर्धवट ओढताना डोळे वटारले: हाक मारीपर्यंत बाहेर यायचं नाही. पाहुणे तिघं होते. कौस्तुभ, त्याची आई आणि त्याचे काका. या भाऊकाकांनी सगळी नोकरी फौजेच्या पुरवठा खात्यात काढली होती, म्हणजे बंदुकीपेक्षा बूट जास्त हाताळले होते. ते उंबऱ्यातच थबकले. आवाज खणखणीत.

“वा! वहिनी, घरात फौजी कोण?”

विमान आलं. वाट्या वाजल्या. आईला विचार करायला तेवढा वेळ मिळाला, आणि तिथेच घात झाला. विमान गेल्यावर ती म्हणाली, “माझा भाऊ.”

माझा एकुलता एक मामा ठाण्याला बँकेत कॅशियर होता. त्याला धुळीची अ‍ॅलर्जी होती.

“आलेत का इथे? अरे वा! कुठे आहेत?”

“झोपलाय आत. रात्रीच आला. दमलाय.”

‘आत’ म्हणजे मी होते. तेवढ्यात मला कळलं की भाऊकाका एक बूट उचलून हॉलमध्ये घेऊन आलेत, कारण आई क्षीण आवाजात “अहो, लादी” म्हणाली. फटीतून बघितलं तर ते सोफ्यावर बसून, हलव्याच्या वाटीशेजारी तो बूट गोल फिरवून बघत होते. “नऊ नंबर. हा आमच्याच वेळचा माल. आणि सांगू? बुटावरून मी माणूस सांगतो. हा गडी असणार पावणेसहा-सहा फूट. वजन ऐंशी. झीज बघा, एकसारखी. म्हणजे निर्णय पक्का, दोन मनं नाहीत. आणि मिशी. असली लेस बांधणाऱ्याला मिशी असतेच.” मी आरशात पाहिलं. वजन एकोणपन्नास होतं, आणि कुठला टॉवेल वापरावा याचाही निर्णय मला होत नसे.

“पण याला वास कसला येतोय हो?” भाऊकाकांनी बूट नाकाला लावला.

“खोबरेल तेलाचा,” बाबा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करते.

“पोस्टिंग कुठे?” कौस्तुभच्या आईंनी विचारलं.

“बर्फात,” आई म्हणाली. “सियाचीनला.”

ताई हातात ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप किणकिणू लागले, आणि या वेळी विमान नव्हतं.

“अगं बाई!” कौस्तुभच्या आई कळवळल्या. “तिथे म्हणे थंडीनं बोटंसुद्धा झडतात. यांना तसं काही...?”

आईनं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण समोरची बाई इतक्या मायेनं विचारत होती, आणि पाहुण्यांच्या शब्दाला नाही म्हणायची आईला सवयच नव्हती. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “दोन.”

भाऊकाकांनी बूट अलगद, मूर्ती ठेवावी तसा, टीपॉयवर ठेवला. कौस्तुभच्या आईंनी डोळ्यांना पदर लावला. “कौस्तुभ,” त्या म्हणाल्या, “ऊठ. आधी मामांच्या पाया पड, मग बाकीचं. वैजयंती, तूही चल बाळा. जोडीनं पडा. वहिनी, नाही म्हणू नका. झोपले असले तरी आम्ही नुसते पायांना हात लावून येतो.” आणि त्या खरंच उठल्या. आई दाराला आडवी येऊन उभी राहिली. “नको, नको, त्याला आवडत नाही,” ती म्हणत होती. भाऊकाका म्हणत होते, “खऱ्या फौजीला आवडतच नाही!” आणि पावलं माझ्या दाराकडे येत होती.

मी पलंगावर चढून पांघरूण ओढून घ्यायचा विचार केला, हे आता कबूल करते. पाय बाहेर काढले असते तर ऐंशी किलोच्या माणसाचे म्हणून सहज खपले असते. पण बोटं दहाच्या दहा होती. शिवाय ताई आयुष्यातला पहिला जोडीचा नमस्कार मला करणार, हे मला सहन झालं नसतं. मी दार उघडलं आणि अनवाणी, स्वेटरमध्ये, डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या थंडगार लादीवर उभी राहिले.

“बूट माझे आहेत,” मी म्हणाले.

सगळ्यांनी आधी माझ्याकडे, मग खाली पाहिलं. नेहमी उलटं व्हायचं, म्हणून मला ते लक्षात राहिलं. मी करंगळ्या दुमडायला गेले, आणि मग राहू दिल्या.

“नऊ?” भाऊकाकांनी विचारलं.

“नऊ.”

“वाया गेले हे पाय सिव्हिलमध्ये,” ते मनापासून हळहळले.

“मग सियाचीनला कोण आहे?” कौस्तुभच्या आई म्हणाल्या.

उत्तर बाबांनी दिलं. “कोणी नाही. आमच्याकडे सगळे घरीच असतात.”

विमान आलं. ते गेलं तेव्हा कौस्तुभ भिंतीला टेकून हसत होता, ताई ट्रे खाली ठेवून पदरात तोंड घालून हसत होती, आणि त्या दोघांचं काय ते तिथेच ठरलं असावं. कौस्तुभच्या आई मात्र हसल्या नाहीत. त्या आईजवळ गेल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “अहो, एवढ्याशासाठी सख्ख्या भावाची बोटं तोडलीत?” आई रडायला लागली. मग त्या दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या. पुढे लग्न झालं, नीट झालं. ठाण्याच्या मामाला लग्नात भाऊकाकांनी कडक सॅल्यूट ठोकला, तो बिचारा आजतागायत विचारतो, का.

पण त्या संध्याकाळचं मला सांगायचंय. पाहुणे गेले, बाबा त्यांना सोडायला खाली गेले, ताई फोटो घेऊन गायब झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात बूट हातात घेऊन उभी होते. अट मोडली होती. लादीचं कारण मी काढणार नव्हते. आई ओट्यापाशी होती, कुकर लावला होता. मग हात पुसत वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसली आणि म्हणाली, “आण इकडे.”

मी बूट तिच्यासमोर ठेवले. मला वाटलं, ती वर्तमानपत्र मागेल गुंडाळायला. तिनं साडी घोट्यापर्यंत उचलली आणि घरातल्या सपाता काढल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिचे पाय कधी नीट पाहिले नव्हते. ती बसायची तीच निऱ्या पसरून, पाय आत ओढून. दोन्ही पायांच्या करंगळ्या शेजारच्या बोटाखाली गेलेल्या होत्या. आता काढायला गेलं तरी त्या बाहेर येण्यातल्या नव्हत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. उजवा पाय बुटात घातला, मग डावा, आणि टाचा हलकेच लादीवर टेकवल्या. वाळलेल्या चिखलाचा एक पोपडा पुसलेल्या लादीवर पडला. तिला तो दिसला.

मी लेस बांधायला खाली वाकले.

“बांधू नकोस,” ती म्हणाली. “जरा असंच बसू दे.”

कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. आई उठली नाही.